समुद्राची वाटणी

मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचं पाणी १३ एप्रिल १९८७ रोजी सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा ३.१८२ चौरस किलोमीटर. दशांश चिन्हापुढे तीन घरं मोजून हद्द आखली गेली, पण त्या हद्दीत पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकणाऱ्यांना विश्वासात घ्यायचं तेवढं राहून गेलं. मच्छीमारांनी विरोध केला. सरकारने हद्द सोडली नाही, मच्छीमारांनी मासेमारी सोडली नाही. याला आता चार दशकं होत आली. कागदावर अभयारण्य आहे, पाण्यात जाळी आहेत, किल्ल्याजवळच्या प्रवाळांवर पर्यटकांच्या होड्यांची गर्दी आहे आणि बंदरावर ‘अभयारण्य’ हा शब्द काढला की समोरच्याच्या कपाळावर आठी उमटते.

समुद्रात रेषा ओढायची ती कुठे, कोणी, कोणाला विचारून, आणि ओढल्यावर तिची किंमत कोणी मोजायची, हा या पुस्तकाचा विषय आहे. लेख वेगवेगळ्या हातांचे आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. ते पटावं असा आग्रहही धरलेला नाही. प्रस्तावना लिहिणाऱ्याने मात्र आपलं मत उघड करावं असं मला वाटतं, म्हणून आधीच सांगून टाकतो. मासळी आणि मच्छीमार दोघांनाही सारखीच सोयीची अशी रेषा अजून कोणाला सापडलेली नाही आणि ती सापडेल या आशेवर धोरण आखू नये. प्रत्येक रेषेने कोणाचं तरी नुकसान होतं. ते कोणाचं, किती आणि त्याची भरपाई कोण करणार, हे रेषा ओढण्याआधी मोठ्याने सांगितलं जातं का, यावरून मी कुठल्याही योजनेची पारख करतो.

मासळी कमी झाली आहे, बोटी वाढल्या आहेत, जाळ्यांचे आस (भोकं) बारीक झाले आहेत, यावर साऱ्या किनाऱ्याचं एकमत आहे. मग थोडं थांबू या, असं म्हटलं तर माना डोलतात. कुठे थांबायचं असं विचारलं की एकमत संपतं, आणि त्याचं कारण साधं आहे. पाण्याचा एक तुकडा मासेमारीला बंद केला की तिथले मासे मोठे होतात. मोठी मादी लहान मादीच्या कित्येक पट अंडी घालते, अंड्यांतून निघालेली पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि दूरच्या गावच्या जाळ्यात मोठी होऊन सापडतात. फायदा असा पसरतो. तोटा मात्र पसरत नाही. ज्या गावासमोरचं पाणी बंद झालं त्याच गावात तो ठाण मांडतो, आणि गावातही सगळ्यांना सारखा लागत नाही. सहा सिलिंडरची नौका असलेला तांडेल आणखी दहा मैल पुढे जाईल. दोन माणसांची होडी वल्हवणारा जाणार कुठे? तो शेजारच्या गावाच्या पाण्यात जातो, तिथली गर्दी वाढते, आणि बंद तुकड्यात वाचलेली मासळी त्याच्या कडेकडेने उपसली जाते. बंद तुकड्याचा नकाशा सगळे काढतात. तिथून उठलेली होडी कुठे जाऊन टेकली, याचा नकाशा क्वचितच कोणी काढतं.

आपल्याकडच्या रेषांचा इतिहास भांडणातूनच सुरू होतो. १९७०च्या दशकात गोव्याच्या किनाऱ्यावर ट्रॉलर आणि पर्ससीन नौका वाढल्या, तसे रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणारे मच्छीमार, रस्त्यावर उतरले. माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखालच्या त्या आंदोलनाची मागणी अगदी सरळ होती: किनाऱ्यालगतचं पाणी आम्हाला राखून ठेवा, यांत्रिक नौका त्याच्या बाहेर राहू द्या. अशाच झगड्यांमुळे केंद्राने १९७६ साली मजुमदार समिती नेमली आणि पुढे राज्यांसाठी नमुना कायदा तयार झाला. गोवा आणि केरळने १९८० मध्ये कायदे केले, महाराष्ट्राने १९८१ मध्ये. आजचा ‘महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम’ तो हाच. मासे वाचवण्याआधी माणसांमधली मारामारी थांबवणं हा या कायद्यांचा जन्महेतू होता, हे विसरलं की त्यातली बरीच कलमं उगाच विचित्र वाटायला लागतात.

महाराष्ट्राने अंतराऐवजी खोली धरली. ट्रॉलरने पाच वाव पाण्याच्या आत यायचं नाही, काही भागांत दहा वावांच्या आत यायचं नाही. संध्याकाळी सहापासून सकाळी सहापर्यंत ट्रॉलिंग करायचं नाही. वाव म्हणजे सहा फूट. खोलीची हद्द मच्छीमाराच्या अंगवळणी पडलेली असते, त्यामुळे हे शहाणपणाचंच होतं. पण समुद्राचा तळ सगळीकडे सारखा उतरत नाही. पालघरकडे तो इतका सावकाश उतरतो की दहा वाव पाणी लागेपर्यंत किनारा बराच मागे पडतो. सिंधुदुर्गात तीच खोली पुष्कळ जवळ येते. एकाच आकड्याने एका गावाला ऐसपैस अंगण मिळालं आणि दुसऱ्याला नुसता ओटा. कायदा सगळ्यांना समान होता, पाणी समान नव्हतं.

या ओट्यावर काय घडलं ते पाहायचं तर रापण समजून घ्यायला हवी. थवा किनाऱ्याजवळ आला की होडी निघते. दोराचं एक टोक वाळूवर असतं. होडी अर्धवर्तुळ घेत जाळं सोडत जाते आणि दुसरं टोक थोड्या अंतरावर किनाऱ्याला आणून देते. मग दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा लागतात आणि जाळं ओढायला सुरुवात होते. त्यात म्हातारे असतात, शाळेतून आलेली पोरं असतात, त्या दिवशी दुसरं काम न मिळालेला गडी असतो. दोराला हात लावला त्याला वाटा. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा आणि ओढणाऱ्यांचे वाटे असा हिशेब वाळूवरच होतो. रापणीला खोल समुद्रात जावं लागत नाही, मासळी तिच्याकडे येते. तिची ताकद तीच आणि तिची अडचणही तीच. बांगडा-तारलीचा थवा बाहेरच कोणी उचलला तर रापणवाल्यांना नुसतं बघत बसावं लागतं.

पर्ससीन थवा बाहेरच उचलतं. नौका थव्याला वळसा घालून जाळ्याची उभी भिंत सोडते, मग तळाच्या कड्यांतून ओवलेला दोर खेचला की खालचं तोंड बटव्यासारखं आवळलं जातं आणि थवा आत राहतो. त्यात अंडी भरलेली मादीही येते आणि बोटभर पिल्लूही. रात्री पाण्यावर प्रखर एलईडी दिवे सोडून मासळी गोळा करण्याची सोय पुढे झाली आणि उरलंसुरलं तारतम्यही गेलं. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडीच्या मासेमारीवर बंदी घातली. त्याआधी, ५ फेब्रुवारी २०१६ रोजी, महाराष्ट्र शासनाने पर्ससीनवर निर्बंध आणले. त्यामागे डॉ. सोमवंशी समितीचा अहवाल होता. परवानाधारक पर्ससीन नौकांची संख्या ४९४ वरून टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणावी, ही त्यातली शिफारस. नवे परवाने थांबले, हंगाम १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढाच राहिला, आणि किनाऱ्याचे भाग पाडून कुठे पर्ससीन चालेल आणि कुठे चालणार नाही हे ठरवलं गेलं.

मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांनी वर्षानुवर्षं लढून मिळवलेला हा निर्णय आहे आणि तो योग्य होता असं माझं मत आहे. तरी पर्ससीनवाल्याची बाजूही ऐकायला हवी, कारण ती खोटी नाही. तो कुठल्या परक्या कंपनीचा माणूस नाही. बहुतेक वेळा तो शेजारच्याच बंदरातला मच्छीमार, त्याचे आजोबा होडीवरचे. नौकेसाठी कर्ज काढायला त्याला सरकारी धोरणानेच उत्तेजन दिलं. जास्त मासे पकडा, निर्यात वाढवा, डिझेलवर परतावा घ्या, हे त्याला सांगणारं सरकार आता त्याला चार महिन्यांचा हंगाम देतं, पण बँकेचा हप्ता बारा महिने असतो. नौका मोडीत काढायची तर तिची योग्य किंमत देणारी योजना हवी होती. ती त्या आदेशाबरोबर यायला हवी होती, पण आदेश एकटाच आला. मग व्हायचं ते झालं. परवान्याशिवायच्या लहान पर्ससीन नौका वाढल्या, पकडले गेले की ‘आम्ही बारा मैलांच्या बाहेर होतो’ हे उत्तर तयार, आणि समुद्रात हाणामारीचे प्रसंग. या वादाला मधूनमधून जातीधर्माचा रंग देण्याचा उद्योगही होतो. तो देणाऱ्यांना ना मासळीचं सोयरसुतक असतं ना मच्छीमाराचं.

बारा सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, ही आणखी एक रेषा. तिच्या आतलं जलधी क्षेत्र राज्याचं, तिथून दोनशे मैलांपर्यंतचं पाणी केंद्राचं. बांगड्याला हे ठाऊक नाही. कर्नाटकातल्या मलपीकडून येणाऱ्या हायस्पीड ट्रॉलरना ते चांगलं ठाऊक आहे. गस्तीनौका दिसली की रेषेपलीकडे जायला त्यांना फारसा वेळ लागत नाही. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूच्या पर्ससीन प्रकरणात अंतरिम आदेश दिला: बारा मैलांच्या बाहेर, आठवड्यातून दोनच दिवस, सोमवार आणि गुरुवार, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. न्यायालयाला वेळापत्रक आखून द्यावं लागतं, याचा अर्थ वाटणी करणाऱ्यांनी आपलं काम वेळेवर केलं नव्हतं.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कायदा सुधारला. दंड लाखांत गेला आणि खटले चालवण्याचं काम तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आलं. ही दुरुस्ती वरवर किरकोळ वाटते, पण तहसीलदाराच्या टेबलावर सातबारा, पंचनामे आणि निवडणुकांच्या ढिगाखाली नौकेची केस किती दिवस पडून राहते हे ज्याला माहीत आहे, त्याला तिचं महत्त्व कळेल. तरीही मोठ्या किनाऱ्यावर मोजक्या गस्तीनौका, हे गणित अजून बदललेलं नाही.

आतापर्यंतची गोष्ट सोपी होती: लहान विरुद्ध मोठा. उत्तर कोकणात ती इतकी सोपी राहत नाही, आणि या पुस्तकातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग तोच आहे.

वसई, अर्नाळा, उत्तन, मढ, वर्सोवा इथला डोलवाला हाही पारंपरिकच. समुद्राच्या तळात खुंट ठोकायचे, त्यांना लांबलचक पिशवीसारखं जाळं बांधायचं आणि भरती-ओहोटीच्या ओढीवर सोडून द्यायचं. उधाणाला पाण्याचा जोर असतो तेव्हा जाळं भरतं. भांगाला काम सुस्तावतं. बोंबील, करंदी, जवळा हे सगळं याच जाळ्यातून येतं. जवळा पकडायचा म्हणून पिशवीच्या शेवटाचे आस अगदी बारीक ठेवावे लागतात, आणि त्या बारीक आसांत पापलेटाची पिल्लंही अडकतात. ती पिल्लं मोठी झाली असती तर सातपाटी-डहाणूच्या दालदी जाळ्यांत सापडली असती. दालदीवालाही पारंपरिक मच्छीमारच, आणि त्याचं सगळं अर्थकारण पापलेटावर उभं. त्यात जागेचं भांडण वेगळं. डोलीच्या खुंटांच्या रांगा, म्हणजे कवी, वाढत वाढत उत्तरेला सरकल्या. दालदी जाळं पाण्यात मोकळं वाहत सोडायचं असतं. मध्ये कवी आल्या की ते अडकतं, फाटतं. कवींचा हा वाद वसई-उत्तन आणि पालघर-डहाणूच्या मच्छीमारांमध्ये वर्षानुवर्षं धुमसतो आहे.

आता इथे रेषा कुठे ओढणार? डोल हटवली तर पापलेट वाचेल, पण शेकडो कुटुंबांचा बोंबील जाईल आणि गरिबाच्या ताटातली सुकी मासळीही. डोल राहू दिली तर सातपाटीचा पापलेट जातो. राज्याने २०२३ मध्ये पापलेटाला राज्यमासा केलं आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवून दिलं. हेतू चांगलाच. पण खुंटाला बांधलेलं जाळं मासा मोजून आत घेत नाही. पिल्लू जाळ्यात मेलेलंच असतं; नियम पाळायचा म्हणून ते पाण्यात फेकलं तर ना मासा वाचला ना माणसाचा पैसा. म्हणून उत्तर जाळ्याच्या आसात आणि ठरावीक महिन्यांत ठरावीक पट्ट्यातल्या कवी उचलण्यात शोधावं लागेल. म्हणजे पुन्हा ‘कुठे’ आणि पुन्हा ‘कोणी’. ‘पारंपरिक ते सगळं निसर्गाला धरून’ असं मानणाऱ्या माझ्यासारख्यांनी ही प्रकरणं सावकाश वाचावीत.

नकाशावर न दिसणारी माणसं या सगळ्यात मागे राहतात. अर्नाळ्याला किंवा उत्तनला हिवाळ्यात गेलात तर किनाऱ्यावर बांबूच्या वलांडी उभ्या दिसतील, त्यांवर जबड्यात जबडा अडकवून बोंबलांच्या जोड्या टांगलेल्या. बोंबील टांगायचा, उलटायचा, पाऊस-दव पाहून काढायचा, भरायचा आणि बाजारात नेऊन विकायचा, हे काम बायकांचं. समुद्रात वाटणी करताना मोजल्या जातात त्या नौका. पण नौका मासळी कुठे उतरवते त्यावर या बायकांचा धंदा ठरतो. लहान बंदरांवरची आवक आटून मासळी मुंबईच्या ससून डॉकला किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला जायला लागली की एकूण आवक कदाचित तेवढीच दिसेल, सरकारी तक्त्यात काहीच बिघडलेलं नसेल, आणि चाळीस टोपल्यांचं एक गाव गुपचूप रिकामं होईल. मोठ्या नौकांवरचा खलाशी तर आणखीच अदृश्य. रत्नागिरीच्या नौकांवर नेपाळहून आलेली पोरं काम करतात. हंगाम चार महिन्यांचा झाला तेव्हा त्यांच्या उरलेल्या आठ महिन्यांचा विचार कोणत्याही समितीने केल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

मासेमारांची आपसातली वाटणी ही अर्धीच गोष्ट. पाणी मागणारे इतरही आहेत आणि त्यांचा आवाज मोठा असतो. मुंबई हायचे तेलफलाट १९७०च्या दशकापासून आहेत, त्यांच्याभोवती पाचशे मीटर सुरक्षेची हद्द असते. वरळी कोळीवाड्यासमोरच्या सागरी किनारा रस्त्याच्या पुलाखालून होड्या नीट जाव्यात म्हणून खांबांमधलं अंतर ६० मीटरवरून १२० मीटर करून घ्यायला तिथल्या कोळ्यांना आंदोलन करावं लागलं. २०२२च्या डिसेंबरात ते मान्य झालं. आणि वाढवण. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे. तिथेच समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव घालून ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाचं बंदर उभारायला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. मच्छीमाराला बारीक आसाच्या जाळ्याबद्दल दंड करणारी व्यवस्था भरावाला परवानगी देते, तेव्हा मासळीच्या पैदाशीविषयीचं तिचं व्याख्यान ऐकून घ्यायला किनाऱ्यावर कोणी उरत नाही. बंदर हवं की नको यावर या पुस्तकात दोन्ही मतं आहेत. पण एकाच पाण्याबद्दल दोन खाती दोन वेगळ्या तागड्या वापरतात, एवढं तरी दोन्ही बाजूंनी मान्य करावं.

दुसरीकडे लोकांनी काय केलं? ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफचं उदाहरण नेहमी दिलं जातं, आणि अर्धंच दिलं जातं. १ जुलै २००४ रोजी तिथे नवी विभागणी लागू झाली आणि मासेमारीला पूर्ण बंद असलेलं क्षेत्र पाच टक्क्यांच्या आतून ३३ टक्क्यांवर गेलं. आधी त्या समुद्राचे ७० नैसर्गिक विभाग पाडले, प्रत्येकातला किमान पाचवा हिस्सा राखायचा असं ठरवलं, आणि लोकांकडून ३१ हजारांहून अधिक निवेदनं घेतली. त्यांतून रेषा खरोखर हलवल्याही गेल्या. हा झाला सांगितला जाणारा भाग. न सांगितला जाणारा असा की मच्छीमारांच्या भरपाईचा आणि पुनर्वसनाचा खर्च सुरुवातीच्या अंदाजाच्या कित्येक पट होत २० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या पुढे गेला. श्रीमंत देशाने मोठी रेषा ओढली आणि तिचं बिल भरलं. आपण त्यांची टक्केवारी उचलतो, बिलाचा कागद तिथेच ठेवतो.

ओडिशातलं गहिरमाथा आपल्याला जास्त जवळचं. १९९७ मध्ये ते सागरी अभयारण्य झालं. ऑलिव्ह रिडले कासवांसाठी धामरा, देवी आणि ऋषिकुल्या या नद्यांच्या मुखांशी १ नोव्हेंबर ते ३१ मे अशी सात महिने, वीस किलोमीटरपर्यंत मासेमारीबंदी असते. कासवं येतात, लाखोंनी येतात; त्या अर्थी धोरण यशस्वी आहे. पण सात महिने घरी बसलेल्या मच्छीमाराला मिळणारं साहाय्य त्याच्या सात महिन्यांच्या कमाईच्या जवळपासही पोचत नाही. म्हणजे जगाच्या कासवांचा खर्च ओडिशातली काही गावं उचलतात.

त्यामानाने महाराष्ट्राची एक लहानशी योजना मला फार आवडते. डिसेंबर २०१८ पासून कासव, देवमासा, बहिरी मासा यांसारखा संरक्षित प्राणी जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर फोटो किंवा चित्रफीत दाखवून त्याला जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजारांपर्यंत रक्कम मिळते. इथे हद्द नाही, बंदी नाही. हेलकावणाऱ्या नौकेवर एकजण सुरी चालवतो आणि दुसरा मोबाइल धरतो. तो प्राणी सगळ्यांचा आहे म्हणून जाळ्याचे पैसे सगळ्यांच्या तिजोरीतून येतात. वनखातं आणि मच्छीमार एकाच बाजूला उभे असलेले मी पाहिले ते या योजनेमुळे.

आजकाल वाटणीचं काम संगणकावर होतं. क्वीन्सलँड विद्यापीठात घडलेला मार्क्सान हा प्रोग्रॅम ग्रेट बॅरियर रीफसाठी वापरला गेला आणि नंतर जगभर पोचला. कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त जीवजाती सांभाळणारे तुकडे तो निवडून देतो. उपयोगी आहे, वादच नाही. पण ‘खर्च’ हा त्याला एकच आकडा दिला जातो. एका ट्रॉलरचा लाखाचा तोटा आणि शंभर होड्यांचा हजार-हजाराचा तोटा त्याच्या लेखी सारखेच. यंत्राला तसं सांगितलं तर ते दोन्ही वेगळे मोजेल, सांगणारा हवा. या यंत्रबुद्धीचा आणखी एक गुण म्हणजे जिथे कोणी भांडणारं नाही तो तुकडा तिला स्वस्त दिसतो. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलला जगातल्या देशांनी २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि समुद्र राखण्याचं उद्दिष्ट स्वीकारलं, तेव्हापासून आकडा भरायची घाई आहे आणि घाईत स्वस्त तुकडेच उचलले जातात. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं आंग्रिया बँक हे बुडालेलं पठार आहे, त्यावर सुंदर प्रवाळ आहेत. ते जरूर राखावं. पण त्यामुळे किनाऱ्याजवळच्या तारली-बांगड्याचं काही भलं होईल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये.

आणि मासा तरी एका जागी कुठे बसतो? केरळात २०१२ साली सुमारे चार लाख टन तारली मिळाली; २०२१ मध्ये ती साडेतीन हजार टनांच्याही आत आली. पाणी तापणं, एल निन्यो, पिल्लांचा उपसा, अशी कारणं अभ्यासकांनी दिली आहेत. थवे असे हलत असतील तर १९८१च्या खोलीच्या रेषा आणि २०१६चे पट्टे दगडावर कोरून चालणार नाही. त्या दर काही वर्षांनी तपासाव्या लागतील. १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी बंदी सगळे त्यातल्या त्यात पाळतात, कारण तारीख सर्वांना पाठ असते आणि नौका बंदरात आहे की नाही हे शेजाऱ्याला दिसतं. पाण्यातल्या रेषेला हे भाग्य नाही. ती मच्छीमाराला दिसत नाही, बऱ्याचदा त्याला नीट सांगितलीही जात नाही.

म्हणून माझी एक साधी मागणी आहे, आणि ती या पुस्तकातल्या बहुतेक लेखकांना मान्य असेल. नवी रेषा मागण्याआधी आजच्या सगळ्या रेषा, म्हणजे वाव, मैल, अभयारण्य, तेलफलाट, पर्ससीनचे पट्टे, भराव, एका नकाशावर आणाव्यात. तो नकाशा मराठीत छापून प्रत्येक बंदरावर, मच्छीमार सोसायटीच्या दारात लावावा. त्याखाली दोन ओळी असाव्यात: या रेषेमुळे कोणाचं किती उत्पन्न बुडतं, आणि त्यांना काय देणार आहोत. दुसऱ्या ओळीत लिहायला काही नसेल तर ती रेषा ओढू नये.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचलंच पाहिजे असं नाही, कुठूनही उघडा. एवढंच करा: पर्ससीनवाल्याचं म्हणणं वाचलंत तर रापणवाल्याचंही वाचा, डोलीचं प्रकरण वाचलंत तर दालदीचं सोडू नका, आणि कोणाची बाजू घ्यायची ती दोन्ही वाचून झाल्यावर घ्या.